गरोदरपण, नैराश्याच्या गोळ्या आणि बाळातला जन्मदोष : आधी काय सांभाळायचं, नंतर दाद कुठे मागायची

घरच्या चाचणीत दोन रेघा उमटल्या की नैराश्याचे उपचार चालू असलेल्या बाईच्या डोक्यात पहिला विचार गोळ्यांचा येतो. बऱ्याच जणी त्याच रात्री गोळी बंद करतात. काही जणी घाबरून गप्प राहतात आणि नवव्या महिन्यापर्यंत स्त्रीरोगतज्ज्ञाला गोळ्यांचं सांगतच नाहीत. दोन्ही मार्गांनी आईचंही नुकसान होतं आणि बाळाचंही. पुढे काही विपरीत घडलंच तर हातात एक कागद नसतो, आणि घरातले मात्र बोट तिच्याकडेच दाखवतात.

म्हणून हा लेख दोन टप्प्यांत आहे. आधी गरोदरपणात काय करायचं, आणि मग बाळात दोष निघालाच तर भारतात कायद्याने दाद कशी मागायची. दोन्ही टप्प्यांना जोडणारी एकच गोष्ट आहे : तुम्हाला काय सांगितलं गेलं, कधी सांगितलं गेलं आणि ते कुठे लिहिलेलं आहे.

आधी धोका केवढा, ते पाहा

कुठलंही औषध न घेतलेल्या आयांच्या बाळांतही दर १०० मागे साधारण ३ बाळांना एखादा मोठा जन्मदोष असतो. हृदयाचे दोष दर १०० मागे सुमारे १. हे आकडे माहीत नसतील तर कुठलाही दोष गोळीमुळेच आला असं वाटू लागतं.

अमेरिकेत २०१४ साली सुमारे ९ लाख ४९ हजार गरोदरपणांच्या नोंदी तपासून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या तीन महिन्यांत नैराश्याच्या गोळ्या न घेतलेल्यांत हृदयदोषाचं प्रमाण दर १०,००० मागे ७२ होतं, घेतलेल्यांत ९०. पण आईचं नैराश्य, मधुमेह, इतर औषधं या सगळ्याचा हिशेब धरल्यावर हा फरक जवळजवळ पुसला गेला. सर्ट्रालीन, एसिटालोप्राम, फ्लुओक्सेटिन ज्या गटात येतात, त्या गटाबाबत आज बहुतेक तज्ज्ञांचं मत असंच आहे : धोका असला तर लहान आहे.

पॅरोक्सेटिनची गोष्ट जरा वेगळी. या औषधाने हृदयदोषाचं प्रमाण १ टक्क्यावरून दीड ते दोन टक्क्यांवर जात असावं, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने डिसेंबर २००५ मध्ये दिला. नंतरच्या अभ्यासांत त्यावर मतभेद झाले, तरी मूल हवं असलेल्या स्त्रीला नव्याने गोळी सुरू करताना डॉक्टर सहसा पॅरोक्सेटिन टाळतात.

गरोदरपणाच्या उत्तरार्धात घेतलेल्या गोळ्यांमुळे नवजात बाळाच्या फुप्फुसांतल्या रक्तदाबाचा एक गंभीर पण दुर्मीळ आजार थोडा वाढतो. दर १०,००० मागे साधारण २१ ऐवजी ३२ बाळांत तो दिसतो.

आता ज्या औषधाबद्दल मोठ्याने सांगायलाच हवं ते : सोडियम व्हॅलप्रोएट. ही नैराश्याची गोळी नाही. ती फिट्ससाठी आणि मूड वरखाली होण्याच्या आजारासाठी देतात, पण घरात सगळ्यांना मिळून ‘डोक्याच्या गोळ्या’च म्हटलं जातं. गरोदरपणात व्हॅलप्रोएट घेतलं तर १०० पैकी सुमारे १० बाळांत जन्मदोष आणि ३० ते ४० मुलांत वाढीच्या, शिकण्याच्या अडचणी दिसतात. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला हे न सांगता व्हॅलप्रोएट लिहून देणं ही माझ्या मते अक्षम्य गोष्ट आहे. आजच तुमच्या गोळ्यांच्या पाकिटावरचं मूळ औषधाचं नाव वाचा. आपल्याकडे एका गोळीत दोन औषधं सर्रास असतात, एसिटालोप्रामबरोबर क्लोनाझेपाम तर फारच. दोन्ही नावं लिहून घ्या.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. २००६ च्या एका अमेरिकी अभ्यासात गरोदरपणात गोळ्या बंद केलेल्यांपैकी ६८ टक्के स्त्रियांचं नैराश्य उलटलं, चालू ठेवलेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं. उपचार नसलेलं नैराश्य म्हणजे जेवण तुटणं, झोप उडणं, तपासण्या चुकणं आणि कधी जिवावर बेतणं. तो धोकाही बाळालाच आहे.

दिवस राहण्याआधी आणि कळल्यावर

मूल हवंय असं ठरलं की मानसोपचारतज्ज्ञाकडे खास त्या कारणासाठी जा. बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ व्या दिवशी बंद होते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. व्हॅलप्रोएटसारखं औषध बदलायचं असेल तर ते त्याच्या कितीतरी आधी व्हायला हवं. फॉलिक अॅसिडही दिवस राहण्याआधीच सुरू करायचं, आणि त्याची मात्रा डॉक्टरांनाच विचारायची.

नकळत दिवस राहिले असतील तर गोळी स्वतःहून तोडू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना फोन करा आणि हे प्रश्न विचारा : माझ्या या औषधाचा गरोदरपणातला धोका किती? त्याहून सुरक्षित दुसरं काही आहे का? मात्रा कमी करता येईल का? बंद केलं तर माझा आजार उलटण्याची शक्यता किती? शेवटची विनंती सर्वांत महत्त्वाची : “डॉक्टर, आपलं हे बोलणं केस पेपरवर लिहाल का?” चांगले डॉक्टर याचा राग मानत नाहीत. लिहिलेली नोंद त्यांचंही रक्षण करते.

मग स्त्रीरोगतज्ज्ञाला सगळ्या गोळ्या दाखवा. सासूबाई समोर बसलेल्या आहेत म्हणून सांगता येत नसेल तर “मला एकटीला बोलायचंय” असं स्पष्ट म्हणा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार तुमच्या उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मनात टोकाचे विचार येत असतील तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

इंटरनेटवर अजून औषधांसमोर ए, बी, सी, डी अशी अक्षरं दिसतात. त्यांवरून निर्णय घेऊ नका. दिशाभूल होते म्हणून अमेरिकेने २०१५ पासून ही अक्षरपद्धतच मोडीत काढली.

पाचव्या महिन्यातली तपासणी

१८ ते २० आठवड्यांच्या दरम्यानची अॅनोमली सोनोग्राफी चुकवू नका. सोनोलॉजिस्टला गोळ्यांची कल्पना द्या आणि गर्भाच्या हृदयाचा वेगळा टू-डी इको करायचा का ते विचारा. गंभीर दोष इथे कळला तर निर्णयाला वेळ मिळतो. गर्भपात कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर दोष असल्यास २४ आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या मान्यतेने गर्भपात करता येतो. गर्भ ठेवायचा असेल तर बाळाच्या हृदयावर उपचार होऊ शकतील अशा मोठ्या रुग्णालयात बाळंतपण ठरवता येतं.

पुढे वादाची वेळ आली तर हा रिपोर्ट फार मोलाचा ठरतो. अनेक पालकांची खरी तक्रार गोळीबद्दल नसतेच, सोनोग्राफीत दिसायला हवा होता तो दोष दिसला नाही याबद्दल असते. तो वेगळा दावा आहे आणि त्याचा पुरावाही वेगळा.

बाळ जन्मल्यावर

शेवटच्या तीन महिन्यांत गोळ्या चालू असतील तर साधारण ३० टक्के बाळं पहिले काही दिवस किरकिरी, थरथरणारी असतात, नीट दूध ओढत नाहीत, श्वास जलद घेतात. हा जन्मदोष नाही. बहुतेक वेळा काही दिवसांत ते आपोआप थांबतं, पण बाळाला दोन-तीन दिवस दवाखान्यात नजरेखाली ठेवावं. बालरोगतज्ज्ञाला गोळ्यांचं आधीच सांगितलेलं असेल तर निदान चुकत नाही. अंगावर पाजताना सर्ट्रालीनसारखी औषधं दुधात फार कमी उतरतात, म्हणून धास्तीने पाजणंही थांबवू नका आणि गोळीही.

दोष निघालाच, तर पहिले काही आठवडे

आधी बाळ. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जन्मदोषांची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्र कुठे आहे ते विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का तेही त्याच दिवशी पाहा. कोर्टाच्या निकालाला वर्षं लागतात, बाळाच्या हृदयाला तेवढी सवड नसते.

दुसरं काम कागदांचं. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञ पुण्याला, सोनोग्राफी एका गावात, बाळंतपण सातारला आणि बाळाचा इको मुंबईत, अशी पांगापांग झालेली असते. प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज द्या. मजकूर साधा ठेवा :

“मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आपल्याकडे उपचार घेतले. माझ्या व माझ्या बाळाच्या सर्व नोंदी, म्हणजे केस पेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, तपासणी अहवाल, संमतीपत्रं, परिचारिकांच्या नोंदी आणि डिस्चार्ज कार्ड यांच्या प्रती मिळाव्यात. प्रतींचा खर्च देण्यास मी तयार आहे.”

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्याची पोच घ्या. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात आणि रुग्णालयात दाखल रुग्णांच्या नोंदी किमान ३ वर्षं ठेवाव्या लागतात. रुग्णाला नोंदी मिळाल्याच पाहिजेत हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच ठणकावून सांगितलेलं आहे. हा अर्ज देताना भांडू नका, कारणही सांगू नका.

औषधांची बिलं आणि उरलेली पाकिटं जपा. नैराश्याच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, म्हणून बिल आणि बॅच क्रमांक दोन्ही पुरावा आहेत. डॉक्टरांशी झालेले व्हॉट्सअॅप संदेश पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार ते पुरावा म्हणून देताना प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यामुळे मूळ फोनही सांभाळा. आणि ही सगळी फाइल तुमच्या स्वतःच्या ताब्यात ठेवा. बाईचा मानसिक आजार पुढे नवरा-बायकोच्या भांडणात तिच्याविरुद्ध वापरला गेल्याची उदाहरणं कमी नाहीत.

तिसरं काम कारण शोधण्याचं. मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयात जनुकतज्ज्ञाचा सल्ला घ्या. गुणसूत्रांतला दोष, आईचा मधुमेह, गरोदरपणातला रुबेला, दारू, तंबाखू, नात्यातलं लग्न (आतेमामे भावंडांत लग्नं आपल्याकडे अजून होतात), ही सगळी कारणं तपासून बाजूला काढावी लागतात. विरुद्ध बाजूचे वकील नेमकं इथेच बोट ठेवणार आहेत. उत्तर आधी तुम्हाला माहीत हवं.

याच सुमारास औषधाच्या दुष्परिणामाची नोंद करा. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाचा मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. रुग्णांसाठीचा अर्ज मराठीतही मिळतो. या नोंदीने भरपाई मिळत नाही, पण पुढच्या बायकांना सावध करणारा इशारा अशाच नोंदींतून तयार होतो.

अमेरिकेतल्या खटल्यांवरून अंदाज बांधू नका

‘ही गोळी घेतली होती? तुम्हाला लाखो डॉलर मिळू शकतात’ अशा जाहिराती मोबाइलवर दिसतात. त्यामागचा इतिहास असा आहे. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियातल्या ज्युरीने पॅरोक्सेटिन बनवणाऱ्या ग्लॅक्सोस्मिथक्लाइनला हृदयदोष असलेल्या एका मुलाच्या कुटुंबाला २५ लाख डॉलर द्यायला लावले. त्यानंतर कंपनीने अनेक दावे तडजोडीने मिटवले. सर्ट्रालीनबाबत फायझरविरुद्ध शेकडो दावे पेनसिल्व्हेनियातल्या संघीय न्यायालयात एकत्र आले, पण पालकांच्या तज्ज्ञांच्या साक्षी शास्त्रीय कसोटीला उतरल्या नाहीत म्हणून न्यायालयाने त्या नाकारल्या. २०१६ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला आणि २०१७ मध्ये अपिलातही तो कायम राहिला.

याचा सरळ अर्थ असा, की औषधानेच दोष झाला हे सिद्ध करणं फार अवघड आहे आणि ते औषधागणिक बदलतं. तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी तिथल्याच वकिलाला विचारावं, कारण दाव्याची मुदत राज्यागणिक वेगळी असते. भारतात घेतलेल्या गोळीसाठी मात्र भारतातच दाद मागावी लागेल.

भारतात दावा कुणावर उभा राहतो

आपल्याकडे भक्कम दावा सहसा “गोळीने दोष झाला” एवढ्यावर उभा राहत नाही. डॉक्टरांनी करायला हवं होतं ते केलं नाही, आणि त्यातून हे नुकसान झालं, यावर तो उभा राहतो. मूल हवं आहे हे सांगूनही धोक्याचं औषध दिलं का? गरोदर आहात का हे विचारलंच नाही का? गरोदरपण कळल्यावरही औषध तसंच पुढे चालू ठेवलं का? धोका समजावून न सांगता संमती गृहीत धरली का? समिरा कोहली खटल्यात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की संमती खरी ठरायची तर रुग्णाला पुरेशी माहिती दिलेली असली पाहिजे. मात्र निष्काळजीपणाची कसोटी अशी आहे, की त्या क्षेत्रातल्या जाणकार डॉक्टरांनी तसंच केलं असतं का. म्हणजे आजाराचा विचार करून, समजावून सांगून सर्ट्रालीन चालू ठेवलं असेल तर बाळात दोष निघाला तरी डॉक्टर दोषी ठरणार नाहीत, आणि ठरू नयेत. व्हॅलप्रोएट काहीही न सांगता दिलं असेल तर गोष्ट वेगळी.

औषध कंपनीवर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ खाली उत्पादन दायित्वाचा दावा करता येतो. इशारा पुरेसा दिला नाही, हेही त्यातलं एक कारण आहे. पण कलम ८७ वाचल्याशिवाय खर्चात पडू नका. जे औषध तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं, त्याचा इशारा कंपनीने वाजवी मार्गाने डॉक्टरांपर्यंत पोचवला असेल तर इशाऱ्याच्या मुद्द्यावर कंपनी सुटते. म्हणून कंपनीविरुद्धचे दावे आपल्याकडे अवघड जातात. गोळीच्या दर्जाबद्दल शंका असेल तर औषध कायद्याच्या कलम २६ खाली कुणीही शुल्क भरून ती सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतं.

तक्रार कुठे आणि कशी

पैसे देऊन उपचार घेतले असतील तर ग्राहक आयोग. डॉक्टरांची सेवा या कायद्यात येते हे १९९५ च्या शांता खटल्यापासून ठरलेलं आहे. नव्या कायद्यानंतर पुन्हा शंका काढली गेली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तेच कायम केलं.

कुठला आयोग हे तुम्ही मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, दिलेल्या पैशांवर ठरतं. ५० लाखांपर्यंत फी दिली असेल तर जिल्हा आयोग, म्हणजे जवळपास सगळ्यांसाठी तोच. ५ लाखांपर्यंत तक्रारीला शुल्क नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार देता येते, त्यामुळे माहेरच्या दवाखान्यासाठी तिकडे खेटे घालावे लागत नाहीत. तक्रार ई-जागृती संकेतस्थळावरूनही दाखल होते आणि मार्गदर्शनासाठी १९१५ हा क्रमांक आहे.

मुदत २ वर्षं. ती बाळाच्या जन्मापासून मोजायची असं धरूनच चाला. उशीर सबळ कारणाने माफ होतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

तक्रारदार म्हणून बाळाचं नाव (पालकांमार्फत) आणि आईवडिलांची नावं, दोन्ही घाला. स्प्रिंग मेडोज रुग्णालयाच्या खटल्यात १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूल आणि पालक दोघेही ग्राहक मानले, मुलाला १२.५ लाख आणि पालकांना मनस्तापाबद्दल ५ लाख रुपये कायम केले. तक्रारीत घटना तारीखवार लिहा, विशेषणं टाळा. झालेला खर्च, पुढच्या शस्त्रक्रिया, थेरपी, सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च, आईची सुटलेली नोकरी, असे वेगवेगळे आकडे मांडा. प्रत्येक तक्रारीला तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, हे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. पण औषध आणि दोष यांचा संबंध दाखवायचा असेल तर तज्ज्ञाशिवाय पाऊल टाकू नका.

वकील बंधनकारक नाही, तरी अशा गुंतागुंतीच्या प्रकरणात तो असावा. पैशांची चिंता असेल तर हे नीट लक्षात घ्या : विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रिया आणि मुलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा.

सगळ्यांना मोफत सेवा देणाऱ्या सरकारी दवाखान्यात उपचार झाले असतील तर ग्राहक आयोग चालत नाही. तिथे दिवाणी दावा करावा लागतो. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात बाळंतिणीच्या पोटात टॉवेल राहून ती दगावली होती, त्या खोडवा खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकारला जबाबदार धरलं. म्हणजे सरकारी आहे म्हणून दाद नाही, हा समज चुकीचा आहे. कागद नाकारले तर माहिती अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज करा.

डॉक्टरांच्या वागणुकीची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे, गोव्यात गोवा वैद्यक परिषदेकडे करता येते. परिषद ताकीद देऊ शकते, नोंदणी काही काळ काढून घेऊ शकते, पण भरपाई देत नाही. पोलिसांत जाण्याचा सल्ला मी देणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यापासून फौजदारी गुन्ह्यासाठी अतिशय ठळक निष्काळजीपणा आणि स्वतंत्र डॉक्टरांचं मत लागतं, आणि बाळाच्या उपचारांच्या दिवसांत ती धावपळ आईवडिलांना झेपत नाही.

एका गोष्टीची मनाची तयारी ठेवा. तक्रार दाखल झाली की तुमच्या आजाराची फाइल विरुद्ध बाजूच्या हातात जाते आणि उलटतपासणीत ‘तुम्हीच का नाही सांगितलं’ असं विचारलं जातं. आजारावर उपचार घेणं हा गुन्हा नाही, हे वकिलाने सुरुवातीलाच ठामपणे मांडायला हवं. तसं मांडणारा नसेल तर वकील बदला.

जिल्हा आयोगाचा निकाल मान्य नसेल तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील होतं, तिथून पुढे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच राष्ट्रीय आयोगाकडे. निकालाची प्रत हातात पडली की त्याच दिवशी तिच्यावर मिळाल्याची तारीख लिहून ठेवा.